गफूरसाबांचा हिवर

सन बावन्न साली मी एकतीस वर्षांचा होतो. अंगात रग होती, दावणीला दोन बैलजोड्या होत्या आणि गावात माझ्याशी कुणी फार वाद घालत नसे. शाळा म्हणाल तर तीन इयत्ता. चौथीला उर्दू सुरू झाली, मास्तरांनी पाटीवर अलीफ काढायला सांगितलं. मी म्हणालो, आमच्या घरात ही भाषा कुणी बोलत नाही, मी काढणार नाही. मास्तरांनी छडी मारली. मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि ती परत आणायलाही गेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं त्याचं काम पडणार आहे.

त्या सालच्या थंडीत एका सकाळी रानात गेलो, तर माझ्या हद्दीतल्या काळ्या दगडावर एक माणूस बसलेला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मांडीवर लाकडी पेटी उघडी, आणि एक डोळा मिटून माझ्या रानाकडं बघत होता. आमच्याकडं असं डोळा मिटून रानाकडं बघणारा माणूस म्हणजे मोजणीवालाच. निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती, नवं सरकार सगळं नव्यानं मोजणार असं जो तो बोलत होता. मी लांबूनच आवाज दिला.

"कोण हाय? मोजणी हाय का?"

"नक्को रे बाबा. मोजून मोजून दमलो. आज फुकट बघतोय," तो माणूस मान न वळवता म्हणाला. "जरा डावीकडं व्हा, तुमची सावली ज्वारीवर पडली."

माझ्याच रानात मला बाजूला व्हायला सांगणारा हा पहिलाच. आणि नवल म्हणजे मी झालो.

ते गफूरसाब. आमच्याच गावचे, पण वीस वर्षं बाहेर होते. तामलवाडीच्या अंगाला आमचं गाव, वर बालाघाटाचा डोंगर. तिथला हा पोरगा निजामाच्या मोजणी खात्यात नक्शे काढायला लागला तो गावाला पाहुण्यासारखा झाला होता. आजूबाजूच्या चाळीस गावांचे नक्शे त्यांच्या हातचे. राज्य बदललं, कचेरीचं लिहिणं मराठीत आलं. गफूरसाब मराठी तुमच्या-माझ्यासारखी बोलायचे, पण लिहायला उर्दूच येत होती. त्यांना घरी पाठवलं. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा एवढंच म्हणाले, "नक्शावरली नावं बदलली, रेघा त्याच राहिल्या. रेघा काढणारा तेवढा त्यांना जास्त झाला."

मोजणीच्या तंबूत असताना एका गोऱ्या साहेबाचं बघून ते तेलाच्या रंगात चित्रं काढायला शिकले होते. चित्रं म्हणजे देवादिकांची नाहीत, माणसांची नाहीत. रान, ओढा, माळ, डोंगर. वीतभर लांब आणि त्याहून चार बोटं कमी रुंद, एवढंच. यापेक्षा मोठं चित्र त्यांनी आयुष्यात काढलं नाही. तुळजापूरच्या दुकानातून चहाची रिकामी खोकी आणायचे, सुताराकडून फळ्या रंधून घ्यायचे, वर सरस आणि खडूची पूड चढवायचे. मांडीवरची पेटी उघडली की झाकणात ती फळी बसायची. रंगाच्या नळ्या सोलापुराहून यायच्या. पाचच. त्यात हिरवी नव्हती.

मी विचारलं, "हिरवा रंग न्हाय व्हय?"

"आपल्या मुलखात हिरवं चार महिने. तेवढ्यापुरतं मिसळून घेतो. विकत कशाला आणायचं?"

तेल मात्र माझं असायचं. मी दर साली जवस पेरायचो. घाण्यावर काढलेलं तेल ते बाटलीत भरून घराच्या धाब्यावर उन्हात ठेवायचे, महिनाभर, घट्ट व्हायला. पावसाचा ढग दिसला की त्यांची बायको खैरूनबी ओरडायची, "अजी, तुमची म्हातारी भिजतीया." बाटलीला तिनं म्हातारी नाव ठेवलं होतं. म्हणायची, माझ्यापेक्षा तिलाच जास्त जपतात.

त्यांची बसण्याची रीत मला तोंडपाठ झाली होती. दगडावर बसले की आधी सावलीच्या टोकाला एक खडा ठेवायचे. मग डोळे किलकिले करून नुसते बघायचे, चिलीम ओढून होईल एवढा वेळ. मग हात चालू. सावली खड्यापासून वीतभर सरकली की पेटी बंद. चित्र अर्धं असलं तरी बंद. जमलं नसलं तर घासलेटच्या चिंधीनं तिथंच पुसून टाकायचे.

"घरी बसून पुरं करा की," मी म्हणायचो. "रान काय पळून चाललं न्हाय. ध्यानात असंलच."

"ऊन गेलं की मी बघितलेलं गेलं, मारोतराव. मग जे राहतं ती याद. याद लई लबाड असती. गोड बोलून फसवती."

मला असलं बोलणं आवडायचं नाही. मी शेतकरी माणूस, माझं सगळं ध्यानात असायचं. कुठल्या साली कुठल्या तासाला काय पेरलं ते मी झोपेत सांगितलं असतं.

दुसरी खोड पावलं मोजायची. वीस वर्षांची सवय, चालताना ओठ हलायचे. मशीद त्यांच्या दारापासून एकशे ऐंशी पावलं, वेशीतली विहीर दोनशे बारा, माझं रान नऊशे चाळीस. रस्त्यात कुणी रामराम घातला तर एक बोट वर करून थांबायला सांगायचे, आकडा बोटावर धरायचे, मगच बोलायचे. गावातले टवाळ मुद्दाम आडवे जायचे. एक दिवस पोलीस पाटील आडवा गेला. त्याला चित्रात यायचं होतं. घोड्यावर बसलेला, फेटा बांधलेला. गफूरसाब म्हणाले, या उद्या ओढ्यावर. पाटील घोडा धुवून, मिशीला तेल लावून आला. गफूरसाबांनी त्याला पार पलीकडच्या टेकाडावर उभं केलं. दुपारपर्यंत तो उन्हात उभा. खाली येऊन बघतो तर डोंगर, ओढा, आभाळ आणि टेकाडावर ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका.

"मी कुठं हाय?"

"हे काय तुम्ही."

"एवढाच?"

"लांबून आपण सगळे एवढेच दिसतो, पाटील. त्यातल्या त्यात तुम्हाला जरा मोठाच काढलाय."

पाटील महिनाभर बोलला नाही. नंतर मात्र ते चित्र मागून नेलं आणि पाहुण्यांना ठिपका दाखवत बसायचा.

खैरूनबी गेली त्या दिवशी कबरस्तानापर्यंत मीही गेलो होतो. मूठमाती देऊन परत आलो, दारात टेकलो. मग गफूरसाब म्हणाले, "जाताना चारशे सोळा झाली. येताना पाचशे वीस." मला आधी कळलं नाही. मग त्यांच्या पायाकडं बघितलं. पावलं लहान झाली होती. ती पुन्हा लांब झाली नाहीत.

त्यानंतर गावातून पाच-सहा घरं पाळीनं त्यांना भाकरी द्यायला लागली. आमच्या घरून जायची, आणि माझ्या धाकट्या भावाच्या, ज्ञानूच्या घरून जायची. ज्ञानूची बायको सीता, माझी भावजय. तिची भाकरी सगळ्यात पातळ, असं ते आमच्या देखत म्हणायचे, आणि माझी बायको पारू फणकारायची.

खैरूनबी जाण्याआधी, त्रेपन्न साली, त्यांनी माझ्या रानाचं चित्र काढलं. मीच मागितलं होतं. माझं आणि ज्ञानूचं रान लागून. आमची वाटणी तोंडी झालेली, कागदावर नाही. दोघांच्या मधल्या बांधावर हिवराचं एक जुनं झाड होतं, तीच खूण. हिवराच्या अलीकडं मी, पलीकडं ज्ञानू. काळ्या दगडावर बसलं की समोर दोन्ही रानं, मधे हिवर आणि मागं बालाघाटाची खिंड दिसायची. त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून होतो. खड्यापासून सावली वीतभर जायच्या आत चित्र झालं. ज्वारी हुरड्यात आलेली होती, तो रंग त्यांनी कसा आणला मला ठाऊक नाही. वारं सुटल्यासारखं वाटायचं त्या फळीवर.

मग त्यांनी फळी उलटी केली आणि मागं पेन्सिलीनं उर्दूत दोन-तीन ओळी लिहिल्या. प्रत्येक चित्रामागं लिहायचे.

"काय लिहिता दर खेपंला?"

"कबुली."

"कसली?"

"गुन्हेगार लिहून देतो तसली," ते म्हणाले आणि हसले. मी थट्टा समजलो.

महिनाभर वाळवून त्यांनी चित्र आणून दिलं. मी जेवायला बसतो त्याच्या समोरच्या भिंतीला खिळा मारून लावलं. पारूनं विचारलं, ह्यात मी कुठं हाय? मी म्हणालो, तू घरात भाकरी करतीस म्हणून दिसत न्हाईस. तेव्हापासून रोज दोन वेळा त्या हिवराकडं बघत मी जेवलो.

पंचावन्नला ज्ञानू काविळीनं गेला. सीतावहिनीला एक मुलगी, कर्तं माणूस कुणी नाही. मी दोन्ही रानं एकत्र कसायला लागलो आणि तिच्या वाटणीचं धान्य तिच्या घरी पोचवायला लागलो. त्यात मी कधी कमी केलं नाही, हे तीही म्हणेल. पुढच्या वैशाखात वावटळ आली आणि हिवर मुळासकट पडला. लाकूड दोन्ही घरांनी जाळलं. बुंध्याचा खड्डा नांगरात बुजला, बांधही गेला. एकत्र रानाला बांध कशाला, असं मीच म्हणालो होतो.

तीन वर्षांनी वहिनीचा भाऊ अणदूरहून तिच्याकडं राहायला आला. ती म्हणाली, भावजी, आता आमचं आम्हाला वेगळं द्या. मी म्हणालो, घे. तिनं येऊन जागा दाखवली. मी म्हणालो, हिवर तिथं नव्हता, तो पार तिकडं होता. मधे नऊ-दहा पावलांची पट्टी. ओढ्याकडंची, गाळाची, सगळ्यात चांगली.

मी खोटं बोलत नव्हतो. हे मला आज ठासून लिहायचंय. डोळे मिटले की मला हिवर दिसायचा, फांद्यांसकट, आणि तो तिकडंच दिसायचा.

गावातल्या माणसांना विचारलं तर कुणी इथं म्हणालं, कुणी तिथं. मग मी घरातून चित्र आणलं. ते आणल्यावर बोलणंच मिटलं. काढणारा कोण, चाळीस गावांचा नक्शेवाला. सरपंच स्वतः काळ्या दगडावर जाऊन बसला. एका हातानं फळी डोळ्यापुढं धरली, एक डोळा मिटला आणि काठी घेतलेल्या कोतवालाला ओरडून सांगायला लागला. "उजवीकडं सरक. अजून. खिंड सोडून दे. अजून जरा. हां, रोव काठी." मी सांगत होतो बरोबर तिथंच काठी रोवली गेली. मी सगळ्यांकडं बघितलं.

सीतावहिनी पदर सावरून पुढं आली. "भावजी, म्या त्या हिवराच्या बुडाला बसून बारा वर्षं भाकरी खाल्ली. तुमी फळीवरलं झाड बघताय, म्या मातीतलं बघितलंय."

"फळीवरलं झाड काय आभाळातनं पडलं?" मी म्हणालो. "बोलवा गफूरसाबांना. तेच सांगतील."

मीच बोलावलं. दुसऱ्या कुणी नाही.

ते आले, बोटावर आकडा धरून. फळी हातात घेतली आणि परगावी दिलेली मुलगी माहेरी आल्यावर बघावं तसे तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कोतवालाची काठी बघितली. काठीपाशी गेले, तिथून डावीकडं, माझ्या अंगाला वळले आणि मोजत चालत आले. आता पावलं लहान, अकरा झाली तिथं थांबले.

"हिवर इथं होता," ते म्हणाले. "तस्वीरीत मी सरकवलाय. खिंड झाकत होता."

मग सरपंच हसला. "म्हंजी तुमी झाडं सरकवता?"

"तस्वीरीत सरकवतो."

"अन् नक्शात?"

"नक्शात केसभर न्हाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "झाड सरकवणारा बांध सोडंल व्हय?" आणि माणसं हसली.

माझ्या कानशिलात जाळ झाला. मी म्हणालो, "गफूरसाब, हे काढलं तवा भांडण नव्हतं. तवाचं खरं का आत्ताचं?"

"मारोतराव, फळी उलटी करा. मागं लिहिलंय."

तिथं उभ्या असलेल्या तलाठ्यानं हात पुढं केला, त्याला उर्दू येत होती. मी फळी ओढून छातीशी धरली. "पेन्सिलीचं काय, कवाबी लिहिता येतं," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. "वहिनीच्या भाकरीला जागताय, जागा. पण माझं रान देऊन जागू नका."

ते एकट्या बाईच्या घरची भाकरी खाणारे एकटे पुरुष होते. मी काय बोललो ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. वहिनीनं तोंडाला पदर लावला. गफूरसाबांनी माझ्याकडं बघितलं, रागानं नव्हे, चित्र काढताना बघायचे तसे डोळे किलकिले करून. मग डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला आणि चालायला लागले. त्यांचे ओठ हलत नव्हते. पावलं न मोजता चालताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सरपंचानं माणसापेक्षा फळीचं मानलं आणि काठीच्या जागी दगड पुरला गेला. पट्टी मला मिळाली.

पुढं गावात जे झालं ते मी केलं नाही, पण माझ्यामुळं झालं. ज्याचा ज्याचा बांधावरून वाद होता तो म्हणायला लागला, त्या नक्शेवाल्याचे नक्शे कशाला मानायचे, तो तर झाडं सरकवतो. दुसरे म्हणायचे, चित्र खरं आहे, म्हातारा भाकरीसाठी फिरला. दोन्हीकडून माणूस खोटाच ठरला. शेजारच्या गावातून एक जण येऊन त्यांच्या दारात उभा राहून शिव्या देऊन गेला, वीस वर्षांमागच्या मोजणीबद्दल. वीस वर्षं ज्यानं केसभर रेघ हलवली नाही, त्याच्या दारात. पेटी घेऊन त्यांना रानात जाताना त्यानंतर कुणी बघितलं नाही.

दोन महिन्यांनी त्यांचा जावई बैलगाडी घेऊन आला. तो येडशीला रेल्वेत होता. गाडी माझ्या दारावरून जाताना थांबली. मी आत होतो, बाहेर आलो नाही. गफूरसाब उतरले आणि जवसाच्या तेलाची अर्धी बाटली पारूच्या हातात दिली. "तुमच्या जवसाचं होतं. राहिलेलं देतो," एवढंच म्हणाले. पारूनं बाटली कोनाड्यात ठेवली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी चित्राखाली बसून जेवलो. चित्र काढून टाकणं म्हणजे माघार घेणं, म्हणून काढलं नाही.

सहा वर्षं गेली. पासष्ट साली माझ्या मुलीचं लग्न ठरलं, घराला चुना द्यायचा म्हणून भिंतीवरचं सगळं उतरवलं. चित्र बाजेवर पालथं पडलं होतं. व्याह्यांचा थोरला भाऊ याद्या करायला आला होता. जुना तलाठी, उर्दूत शिकलेला. बाजेवर बसता बसता त्यानं फळी उचलली आणि नातवाला वाचून दाखवावं तसं मोठ्यानं वाचायला लागला.

"हिवर खऱ्या जागेपासून नऊ पावलं उजवीकडं सरकवला आहे. खरी जागा खिंडीच्या बरोबर समोर. खिंड उघडी राहावी म्हणून हे केलं." तो थांबला, चष्मा वर केला. "मारोतीनं बघताक्षणी ओळखलं आणि मला विचारलं. त्याची नजर पक्की आहे. गफूर." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचं नाव आहे की पाव्हणं ह्यात. कोण हा गफूर?"

पारू चुन्याची बादली घेऊन दारात उभी होती.

आणि तेव्हा मला आठवलं. वर त्या दिवसाचं लिहिताना मी हे मुद्दाम मागं ठेवलं, कारण त्या क्षणापर्यंत ते माझ्या डोक्यात खरंच नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून होतो, चित्र होत आलं होतं आणि मी म्हणालो होतो, "गफूरसाब, हिवर पार तिकडं कसा गेला?" आणि ते म्हणाले होते, "जरा पाय मोकळे करायला गेलाय. कुणाला सांगू नका." आम्ही दोघं हसलो होतो. हे सगळं झालं होतं. मग मी रोज दोन वेळा त्या फळीकडं बघत जेवलो, आणि मातीतला हिवर माझ्या डोळ्यांतून गेला.

लग्न उरकलं. तरी चार महिने मी गेलो नाही. आज जातो उद्या जातो करत होतो. मी कुणाच्या दारात चूक झाली म्हणायला कधी गेलो नव्हतो, ते कसं करतात मला माहीत नव्हतं. शेवटी पारूनं एका सकाळी कोनाड्यातली बाटली पुसली, माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "त्यांचं तेल द्यायचं राहिलंय." एवढं निमित्त पुरलं. तामलवाडीच्या फाट्यावरून एस.टी. धरली, धाराशिवात बदलली, दुपारच्या आत येडशीला उतरलो.

जावयाच्या घरी कळलं, ते स्टेशनच्या मागच्या माळावर असतात. गेलो. लांबूनच ओळखलं. टॉवेल, पेटी, जमिनीवर खडा. मी मागं जाऊन उभा राहिलो.

"जरा डावीकडं व्हा," ते मान न वळवता म्हणाले.

मी झालो. मग म्हणालो, "म्या मारोती."

हात थांबला, पण वळले नाहीत. "सावलीवरनं वाटलंच मला. पारूबाई बऱ्या हायत?"

"हायत." मग म्हणालो, "मागचं वाचून घेतलं."

"हौ?" ते म्हणाले. मग म्हणाले, "लई दिवस लागले."

मी बाटली काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती उन्हात धरून बघितली. तेल मधासारखं झालं होतं. "म्हातारी लई घट्ट झाली," ते म्हणाले आणि बाटली पेटीच्या कोपऱ्यात ठेवली.

मग मी चित्र बघितलं. समोर माळ, त्यावर पाच-सहा खुरटी झुडपं, डावीकडं एकटी बाभळ, मागं रामलिंगाकडचा डोंगर. फळीवरही तेच. पण रंगाखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या, उभ्या-आडव्या, पट्टीनं मारलेल्या. माळावर नीट बघितलं तर झुडपापासून झुडपापर्यंत माणूस चालल्याची वाट पडली होती. ते पावलं मोजून आले होते, एकेका झुडपाची. प्रत्येक झुडूप जिथल्या तिथं. बाभळ जिथल्या तिथं. मला चित्रातलं काय कळतंय. पण माझ्या भिंतीवरच्या फळीवर वारं होतं, ह्या फळीवर नव्हतं. तो नक्शा होता.

"मागं काय लिहिता आता?" मी विचारलं.

त्यांनी फळी काढून उलटी करून दाखवली. कोरी होती. "काहीच न्हाय. आता काही सरकवत न्हाय, तर लिहायचं काय?"

मग म्हणालो, "ती बाभळ एकटी पडलीय हो तिकडं. जरा हिकडं घ्या की."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. त्या दिवसातलं ते पहिलंच. डोळ्यांत पाणी होतं का उन्हाचं, सांगता येत नाही. ब्रश रंगात बुडवला, फळीवर आणला आणि मधल्या मोकळ्या जागेवर धरून ठेवला. मग ब्रश हळूहळू डावीकडं गेला आणि बाभळ होती तिथंच टेकला.

"हात जात न्हाय, मारोतराव," ते म्हणाले.

सावली खड्यापासून वीतभर गेली. त्यांनी पेटी बंद केली, खडा खिशात टाकला, उठले. भाकरी खाऊन जा म्हणाले. मी गाडी चुकंल म्हणालो. भाकरीचं नाव ऐकून त्यांच्यासमोर बसायची माझी छाती नव्हती. ते घराकडं निघाले, मी सडकेकडं. सडकेवरून वळून बघितलं. पेटी बगलेत धरून ते माळ उतरत होते. पावलं अगदी लहान, एकापुढं एक जेमतेम टेकणारी. इतक्या लांबून ओठ दिसत नाहीत, पण मान प्रत्येक पावलाला जराशी हलत होती, त्यावरून कळत होतं. मग टेकाडाआड गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन रानात गेलो. दगड खोल पुरलेला होता, एकट्यानं उपसायला वेळ लागला. सीतावहिनी तिच्या रानात तूर खुडत होती, ती थांबली, आली नाही. दगड होता त्या खड्ड्यात पाय ठेवून मी माझ्या रानाकडं तोंड केलं आणि मोजायला लागलो. माझी टांग लांब, म्हणून पावलं आखूड टाकली, खैरूनबी जाण्याआधी त्यांची असायची तेवढी. नऊ झाली. काळ्या दगडाकडं पाठ करून मान वर केली, खिंड बरोबर समोर होती. सहा वर्षं तिचं खाल्लं म्हणून दोन पावलं जादा द्यावीत असं मनात आलं. दिली नाहीत. हिवर होता तिथंच दगड पुरला.